फॉस्फरसचा द्राविडी प्राणायाम

पांढरा फॉस्फरस म्हणजे फॉस्फेटच्या खडकातून विद्युत भट्टीत काढलेलं निखळ मूलद्रव्य, ज्याच्यापासून पुढे सेंद्रिय फॉस्फरस संयुगं बनतात. त्याला पर्याय हवा की नको, या वादात दोन्ही बाजू आपापलं घोडं पुढे दामटत आहेत. फॉस्फेटपासून थेट उपयोगी संयुग बनवणारी नवी अभिक्रिया एखाद्या प्रयोगशाळेतून आली रे आली, की एक गट विद्युत भट्टीला मूठमाती देऊन मोकळा होतो. दुसरा गट कारखान्यातला. तो त्या फ्लास्ककडे बघून हसतो आणि विचारतो, सव्वाशे वर्षं जे चाललंय ते काय उगाच? पहिल्याला भट्टीबाहेरचं विजेचं बिल दिसत नाही आणि दुसऱ्याला आपल्याच मालाची कुंडली. सेंद्रिय फॉस्फरस संयुगं म्हणजे एक माल समजून सगळ्यांसाठी एकच उत्तर मागितलं जातं, तिथेच वाद फसतो. उत्तर मालागणिक वेगळं आहे, आणि ते अणूच्या ऑक्सिडेशन अंकावरून, म्हणजे त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले किंवा कमावले या हिशेबावरून, बरंचसं आधीच कळतं. खडकातला फॉस्फरस अधिक पाच या अवस्थेत असतो. ज्या मालात तो शेवटीही अधिक पाचच राहणार आणि चारही बाजूंनी ऑक्सिजनलाच जोडलेला असणार, तिथे पांढऱ्या फॉस्फरसमार्गे जाणं हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे आणि तो थांबवायला हवा. ज्या मालात फॉस्फरस अधिक तीन किंवा त्याखाली उतरलेला असतो, तिथे इलेक्ट्रॉन कुठून तरी आणावेच लागतात. तिथे ‘पर्याय’ म्हणून जे मिरवलं जातं, ते पुष्कळदा भट्टीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं असतं.

आधी तो द्राविडी प्राणायाम नीट पाहू. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये मूत्र आटवून फॉस्फरस मिळवला. आजची पद्धत मात्र १८८८ मधल्या जेम्स रीडमनच्या विद्युत भट्टीपासून फारशी हललेली नाही. रॉक फॉस्फेट, वाळू आणि कोक यांचं मिश्रण सुमारे १५०० अंश सेल्सिअसला नेलं जातं. कोक ऑक्सिजन काढून घेतो, वाळू कॅल्शियमला धरून स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, बनते, फॉस्फरस वाफ होऊन वर जातो आणि पाण्याखाली गोठवला जातो. एक टन फॉस्फरसमागे खडक आठ ते दहा टन आणि वीज सुमारे १३ हजार किलोवॅट-तास, म्हणजे किलोला १३. प्रत्येक अणूला पाच इलेक्ट्रॉन देऊन त्याला शून्यावर आणलं. मग त्यावर क्लोरिन सोडून फॉस्फरस ट्रायक्लोराइड केलं, म्हणजे अणू अधिक तीनवर चढला. त्यात ऑक्सिजन बुडबुडवून ऑक्सिक्लोराइड केलं की तो पुन्हा अधिक पाच. निघालो होतो तिथेच आलो! वाटेत पाच पायऱ्या उतरलो, पाच चढलो आणि तीन क्लोरिन खांद्यावर घेतले, जे पुढच्याच टप्प्यात खाली ठेवायचे आहेत.

ट्रायब्युटाइल फॉस्फेटचा हिशेब करा. दुर्मीळ मृदा धातू आणि अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत लागणारा हा द्रावक ऑक्सिक्लोराइड आणि ब्युटेनॉलपासून बनतो. एक किलो मालात फॉस्फरस जेमतेम ११६ ग्रॅम, त्यापायी भट्टीत दीड किलोवॅट-तास वीज. क्लोरिन सुमारे ४०० ग्रॅम, त्याच्या विद्युत अपघटनाला आणखी एक. आणि मालात शेवटी क्लोरिनचा एक अणूही नाही. तो सगळा हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो, किलोमागे ४१० ग्रॅम. काटेकोर व्याख्येप्रमाणे या रेणूत कार्बन-फॉस्फरस बंधच नाही, त्यामुळे त्याला सेंद्रिय फॉस्फरस म्हणावं की नाही यावरही पंडितांत मतभेद आहेत. बाजार मात्र सगळं एकाच नावाखाली विकतो. वाद तिथूनच नासतो, कारण एका टोकाला फॉस्फेट एस्टर, ज्यात अल्कोहोलचे गट ऑक्सिजनमार्गे फॉस्फरसला जोडलेले, आणि दुसऱ्या टोकाला फॉस्फिन, ज्यात कार्बन थेट फॉस्फरसला, आणि मधला सगळा पल्ला एकाच शब्दात गुंडाळलेला.

आता कारखानदारांच्या बाजूने जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं. भट्टी क्षपण करते, म्हणजे अणूला इलेक्ट्रॉन देते, तशीच ती शुद्धीकरणही करते, आणि तिची खरी कमाई तीच आहे. खडकात कॅल्शियमबरोबर तीन-चार टक्के फ्लोरिन, लोह, अॅल्युमिनियम, कॅडमियम, युरेनियम असं बरंच काही असतं. फॉस्फरस वाफ होऊन निघाला की यातलं बहुतेक खाली स्लॅगमध्ये किंवा धुळीत राहतं. लोह थोडा फॉस्फरस घेऊन फेरोफॉस्फरसच्या रूपात तळाशी बसतं. फक्त आर्सेनिक भावकीतलं असल्यामुळे सोबत येतं, ते वेगळं काढावं लागतं. शिवाय पांढरा फॉस्फरस म्हणजे शंभर टक्के फॉस्फरस, तर ८५ टक्क्यांच्या फॉस्फोरिक आम्लात तो जेमतेम २७ टक्के, म्हणजे आम्ल दूरवर नेताना पैसे बरेचसे ऑक्सिजन आणि पाणी वाहण्याचे. एका ट्रायक्लोराइडपासून फॉस्फाइट, फॉस्फोनेट, फॉस्फिन, ऑक्सिक्लोराइड असं हवं तिकडे वळता येतं. आणि शेजारी ग्राहक असेल तर ते हायड्रोक्लोरिक आम्ल विकलं जातं किंवा परत क्लोरिनमध्ये बदलता येतं, त्याला सरसकट कचरा म्हणणं अन्यायाचं.

पण शुद्धतेचा हा मुद्दा आपण आधी एकदा ऐकलेला आहे. खाद्य आणि औषधी दर्जाचं फॉस्फोरिक आम्ल फक्त फॉस्फरस जाळूनच मिळतं, असं अनेक दशकं मानलं जायचं. खडकावर गंधकाम्ल ओतून मिळणारं ‘ओलं’ आम्ल हिरवट-काळपट, फक्त खताच्या लायकीचं. अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने तर मसल शोल्सला भट्ट्या लावून खतासाठीसुद्धा फॉस्फरस गाळला. मग वीज महागली आणि द्रावक-निष्कर्षण आलं. ओल्या आम्लातून फॉस्फोरिक आम्ल तेवढं सेंद्रिय द्रावकात ओढायचं, धातू पाण्यात मागे ठेवायचे, द्रावक धुऊन घ्यायचं आणि शेवटी शुद्ध पाण्याने आम्ल परत काढायचं. या कामाला मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन चालतं, तसं ट्रायब्युटाइल फॉस्फेटही. म्हणजे लेकरू आता आईला अंघोळ घालतंय. या शुद्ध केलेल्या ओल्या आम्लाने जाळून केलेल्या आम्लाचा बहुतेक बाजार खाल्ला. तेव्हाही ‘भट्टीशिवाय शुद्धता नाही’ हेच वाक्य म्हटलं जात होतं. मग आज तेच वाक्य अधिक पाच अवस्थेतल्या एस्टरांबद्दल ऐकून आपण गप्प का बसायचं?

मात्र पर्यायवाल्यांनीही इथे टाळ्या पिटू नयेत. आम्ल शुद्ध मिळालं म्हणून एस्टर आपोआप होत नाही. ८५ टक्के आम्ल आणि ब्युटेनॉल उकळून पाहा. पाणी ब्युटेनॉलबरोबर वाफेत जातं, खाली उतरताना त्याचे दोन थर होतात, वरचा ब्युटेनॉलचा थर परत भांड्यात, खालचं पाणी बाहेर. पहिला एस्टर बंध बनतो, दुसरा कुरकुरत बनतो, तिसऱ्यावर गाडं अडतं. तापमान वाढवलं तर तीव्र आम्लात ब्युटेनॉलचं डायब्युटाइल ईथर आणि ब्युटीन व्हायला लागतं. तयार झालेला ट्रायएस्टरही, म्हणजे तिन्ही बंध झालेला रेणू, आपला ब्युटाइल गट दुसऱ्याला देऊन पुन्हा डायएस्टर होतो. थोडक्यात, शुद्ध ट्रायएस्टर या वाटेने मिळत नाही. फिनॉल तर अल्कोहोलपेक्षाही थंड, त्यामुळे अग्निरोधक म्हणून लागणारे ट्रायअॅराइल फॉस्फेट साध्या आम्लापासून करण्याचा विचार सोडलेलाच बरा.

मग या वाटेने होतं काय? मोनो आणि डायएस्टर होतात, आणि त्यांना मोठा बाजार आहे. पृष्ठसक्रिय पदार्थ, वंगणातली मिश्रकं, धातुकामातली द्रवं यांत मोनो-डाय मिश्रणच विकलं जातं. आज ते बरंचसं फॉस्फरस पेंटॉक्साइडपासून बनतं, ज्यातून दोन्ही एस्टर जवळजवळ सारख्या प्रमाणात मिळतात. पेंटॉक्साइड म्हणजे पांढरा फॉस्फरस कोरड्या हवेत जाळून केलेली पूड, तेव्हा पुन्हा तीच भट्टी. पण ११५ टक्के पॉलिफॉस्फोरिक आम्लही चालतं. शंभराच्या वर टक्के कसे, असं वाटेल, तर त्याचा अर्थ एवढाच की १०० किलोत पुरेसं पाणी घातलं तर ११५ किलो साधं फॉस्फोरिक आम्ल होईल. ते शुद्ध ओलं आम्ल तापवून, पाणी उडवून करता येतं. अडचण दोन ठिकाणी. तापलेलं घट्ट आम्ल भांडं खातं, आणि पाणी पूर्ण उडवून पेंटॉक्साइडपर्यंत जाता येत नाही, कारण पेंटॉक्साइडच्या हिशेबात सुमारे ९२ टक्क्यांवर वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होऊन बसतं. मालातही फरक पडतो. पॉलिफॉस्फोरिक आम्लाने मोनोएस्टर जास्त आणि मोकळं फॉस्फोरिक आम्लही जास्त. ज्याला डायएस्टर हवा त्याचं यावर भागणार नाही. पण ज्याला मोनोएस्टर हवा, तो आजही पेंटॉक्साइड का विकत घेतो? सवयीपलीकडे फारसं कारण मला सापडत नाही.

ट्रायएस्टरसाठी आणि अधिक नाजूक रेणूंसाठी ड्रेस्डेनमधल्या यान वायगांड यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलेली वाट मला विचार म्हणून फार आवडते. फॉस्फेटला पिरिडीन आणि ट्रायफ्लिक अनहायड्राइडच्या मदतीने असं जागं करायचं की ऑक्सिडेशन अंक न हलवताच ते पुढच्या रेणूला चिकटेल. क्षपण नाही, क्लोरिन नाही. पण कारखान्याचा चष्मा लावला की लगेच प्रश्न येतो, हे ट्रायफ्लिक अनहायड्राइड कशातून येतं? ट्रायफ्लिक आम्लातलं पाणी काढून. आणि पाणी काढायला नेहमीचा मानकरी कोण, तर फॉस्फरस पेंटॉक्साइड! म्हणजे पुढच्या दाराने हाकललेली भट्टी मागच्या दाराने आत. तत्त्व अचूक आहे, फक्त पाणी ओढून घेणारा गडी स्वस्त हवा. संशोधनाचा पैसा लावायचा तर या एका गड्याच्या शोधावर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरं टोक, फॉस्फिन. २०१८ मध्ये एमआयटीतल्या क्रिस्टोफर कमिन्स यांच्या गटाने फॉस्फोरिक आम्लापासून मिळणारं ट्रायमेटाफॉस्फेट घेतलं, त्यावर ट्रायक्लोरोसिलेन घातलं, ११० अंशांवर तीन दिवस ठेवलं आणि दोन ट्रायक्लोरोसिलिल गट लावलेला फॉस्फाइड आयन मिळवला. त्यातून अल्किल फॉस्फिन करता येतात, पांढऱ्या फॉस्फरसला हातही न लावता. रसायनशास्त्र म्हणून देखणं काम. पण त्यावरून ‘भट्टी संपली’ असा जो निष्कर्ष काढला गेला, तो ट्रायक्लोरोसिलेनची जन्मकथा विसरून. ते बनतं धातुदर्जाच्या सिलिकॉनवर हायड्रोजन क्लोराइड सोडून, आणि सिलिकॉन बनतं वाळू आणि कोकच्या विद्युत भट्टीत, किलोला ११ ते १३ किलोवॅट-तासांनी. अधिक पाचवरून उणे तीनवर यायला आठ इलेक्ट्रॉन, सिलेनचा एक रेणू देतो दोन, तेव्हा फॉस्फरसच्या प्रत्येक अणूमागे किमान चार सिलेन. वजनात मांडलं तर एक किलो फॉस्फरसमागे साडेसतरा किलो ट्रायक्लोरोसिलेन आणि त्यात ३.६ किलो सिलिकॉन. नुसत्या सिलिकॉनची वीज ४० किलोवॅट-तासांच्या आसपास. भट्टीतल्या फॉस्फरसच्या तिप्पट! शिवाय ट्रायक्लोरोसिलेन ३२ अंशांना उकळतं आणि सहज पेट घेतं, म्हणजे ११० अंशांवर दाबाचं बंद भांडं आलं. ऑक्सिजन घेऊन बाहेर पडलेल्या क्लोरोसिलिकॉन संयुगांची पाण्याशी गाठ पडली की सिलिकाचा चिकट गाळ आणि पुन्हा हायड्रोक्लोरिक आम्ल.

इथे कारखानदार टाळी मागेल. पण ती देण्याआधी त्याच्या वहीतलं पानही उलटू. ट्रायफिनाइलफॉस्फिन आज ट्रायक्लोराइड, क्लोरोबेंझीन आणि सोडियम धातू यांपासून बनतं. एक किलो मालामागे सोडियम ५३० ग्रॅम लागतं आणि १.३४ किलो मीठ उरतं, मालापेक्षा मीठ जास्त. वितळलेल्या मिठाच्या अपघटनातून सोडियम काढायला किलोला सुमारे १० किलोवॅट-तास लागतात. म्हणजे एक किलो ट्रायफिनाइलफॉस्फिनमागे फॉस्फरसच्या भट्टीची वीज दीड किलोवॅट-तास आणि सोडियमची पाचच्या वर. ज्या भट्टीवरून एवढी हाणामारी, ती या बिलातली लहान रक्कम आहे. सिलेनच्या वाटेने हाच फॉस्फरस नेला तर सिलिकॉनची वीज मालाच्या किलोमागे जवळपास पाच किलोवॅट-तास. ही किमान आकडेवारी, प्रत्यक्षात सिलेन बरंच जादा घालावं लागतं, आणि फिनाइल गट त्या फॉस्फाइडवर चढवणं अल्किलइतकं सोपंही नाही. तरीही दोन्ही वाटा एकाच पट्टीत येतात. आठ इलेक्ट्रॉनांची किंमत आठ इलेक्ट्रॉनच, कोक देवो, सोडियम देवो की सिलिकॉन. या मालात सुधारणा करायची तर सोडियम आणि क्लोरिन टाळून पांढऱ्या फॉस्फरसवरच थेट कार्बन जोडण्याच्या प्रयत्नांकडे बघायला हवं. रेगेन्सबुर्गमधल्या रॉबर्ट वोल्फ यांच्या गटाने प्रकाश-उत्प्रेरकाने तसं करून दाखवलं आहे. विनोद असा, की पांढरा फॉस्फरस हाच शत्रू मानणाऱ्यांच्या यादीत हे काम बसतच नाही.

दोन टोकांच्या मध्ये फॉस्फरस आम्ल आहे, फॉस्फोरिक नव्हे, अधिक तीनवालं, ज्यातून ग्लायफोसेटचा एक मोठा मार्ग आणि पाण्याच्या नळ्यांत क्षार बसू न देणारे फॉस्फोनेट निघतात. इथे गरज फक्त दोन पायऱ्या उतरायची. आपण पाच उतरतो, तीन चढतो आणि एक किलो आम्लामागे १.३३ किलो हायड्रोजन क्लोराइड सोडतो. कमिन्स यांच्याच गटाने पुढे संघनित फॉस्फेट आणि पोटॅशियम हायड्राइड गोळ्यांच्या चक्कीत दळून फॉस्फाइट केलं. हायड्राइड महाग आहे, ओलाव्याने पेटतं, आणि पोटॅशियम धातूपासून येतं. आज परवडणार नाही. पण पायऱ्यांचा हिशेब या मार्गाच्या बाजूने आहे, आणि स्वस्त हायड्राइड मिळालं तर सगळ्यात मोठा पल्ला इथेच मारता येईल.

राहिला विषारीपणाचा मुद्दा, जो भावनेने लढवला जातो. आगपेट्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबडे सडत. १८८८ मध्ये, रीडमनच्या भट्टीच्याच वर्षी, लंडनमध्ये आगपेटी कामगार मुलींनी संप केला. १९०६ च्या बर्न कराराने अशा काड्यांवर बंदी आणली. काडीच्या टोकावर आलं फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड, जे स्वतः फॉस्फरसपासूनच बनतं. कच्चा माल तोच राहिला, माणसाच्या श्वासातून तो हटला. इजा नेमकी कुठे होते ते आधी पाहिलं म्हणून ती बंदी यशस्वी झाली. याच्या उलट, न्यूफाउंडलंडमधल्या लाँग हार्बरच्या कारखान्यातून १९६९ मध्ये फॉस्फरसयुक्त पाणी उपसागरात गेलं आणि रक्तस्रावाने लाल झालेले हेरिंग मासे मरून तरंगले. तिथे दोष सांडपाण्याचा होता, मूलद्रव्याचा नव्हे. आणि भट्टी बंद केली की प्रश्न मिटतो का? नेदरलँड्समधल्या व्लिसिंगनची भट्टी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली, युरोपीय संघातली ती शेवटची. फॉस्फरसची गरज मात्र गेली नाही, धूर चीन, व्हिएतनाम आणि कझाकस्तानात गेला, आणि २०१७ मध्ये युरोपने फॉस्फरसला कळीच्या कच्च्या मालाच्या यादीत टाकलं. २०२१ च्या सप्टेंबरात चीनच्या युन्नान प्रांताने वीजबचतीसाठी उत्पादन ऑगस्टच्या दहा टक्क्यांवर आणायचा आदेश काढला, तेव्हा भाव भडकले. एकाच मध्यस्थावर सगळा माल टांगण्याची ही किंमत. म्हणूनच ज्यांना भट्टीची गरज नाही त्यांनी रांगेतून आधी बाहेर पडावं, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांना माल उरेल.

खडक संपत चालला आहे, म्हणून पर्याय हवा, हे कारण मात्र इथे लावू नये. खडकाचा बहुतांश भाग खतात जातो, पांढऱ्या फॉस्फरसच्या वाट्याला थोडेच टक्के येतात. सांडपाण्याच्या गाळातून फॉस्फरस परत मिळवण्याशी मात्र या वादाचा थेट संबंध आहे. जर्मनीत २०२९ पासून मोठ्या सांडपाणी केंद्रांना तो परत मिळवणं बंधनकारक होतंय. गाळ जाळून उरलेली राख भट्टीत घालायची की आम्लात विरघळवायची? बहुतेक केंद्रं पाण्यातला फॉस्फेट खाली बसवायला लोहाचे क्षार वापरतात, फॉस्फरसच्या एका अणूमागे साधारण दीड अणू लोह. भट्टीत दोन लोह एका फॉस्फरसला धरून ठेवतात, म्हणजे अशा राखेतला तीन-चतुर्थांश फॉस्फरस फेरोफॉस्फरस होऊन तळाशी बसू शकतो. आम्लात विरघळवली तर लोहही सोबत विरघळतं, पण द्रावक-निष्कर्षणाने ते मागे ठेवता येतं आणि हाती येतं अधिक पाचचं आम्ल, एस्टरांना हवं तेच. लोहाऐवजी अॅल्युमिनियमचे क्षार वापरले तर भट्टीची वाटही मोकळी राहते, कारण अॅल्युमिना स्लॅगमध्ये जातो. फॉस्फिनवाल्यांना पुढे कोणती राख मिळणार, हे सांडपाणी केंद्रात क्षार सोडणाऱ्या डोसिंग पंपावर ठरतंय, आणि तिथे निवड बहुतेकदा क्षाराचा दर बघूनच होते.